बोटभर तार

आमच्या सुनेचा हात चांगला आहे, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते एका गिऱ्हाइकाच्या तोंडून, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. गिऱ्हाईक जुनं होतं. त्याच्या वडिलांचा रेडिओ मी तीनदा दुरुस्त केला होता. तो दारात उभा राहिला, आत डोकावला आणि म्हणाला, "ताई आहेत का?"

मी समोरच बसलो होतो. डोळ्यावर भिंग, हातात पक्कड, पुढ्यात उघडा रेडिओ. एवढा मोठा माणूस न दिसण्यासारखा नव्हता.

"काय काम होतं?" मी विचारलं.

"रेडिओचंच," तो म्हणाला. "पण ताई असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा हात चांगला आहे."

मी म्हटलं, "बसा." तो बसला नाही. संध्याकाळी येतो म्हणाला आणि खरंच संध्याकाळी आला.

आमच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे आमचं दुकान. खिडकीखाली माझं टेबल, डाव्या भिंतीला तिचं. माझं टेबल मोठं आहे, उजेड माझ्याकडे आहे आणि बरं स्टूलही माझ्याकडेच आहे. तिचं टेबल म्हणजे पूर्वी आमच्या हिचं शिलाई मशीन होतं तो सांगाडा, वर फळी टाकलेली. मुलगा बोटीवर इलेक्ट्रिशियन आहे, आठ-आठ महिने घरी नसतो. लग्न होऊन आली तेव्हा सूनबाईला दिवस खायला उठायचा. मीच म्हटलं, ये, स्क्रू तरी वेगळे करत बस. सहा वर्षं झाली त्याला.

शिकवलं मीच. रेडिओ बंद केला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, ती आधी काढून टाकायची, मग हात घालायचा. चालू सेटवर काम करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका बसलाच तर तो छातीतून जात नाही. तिच्या कपड्यांना खिसे नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने एप्रनला खिसा शिवून आणला, तोही बरोबर डाव्या बाजूला. मी हिला म्हटलं, "पोरगी हुशार आहे गं." तेव्हा मला ते म्हणायला काही वाटलं नव्हतं. हुशार माणूस आपल्या हाताखाली असला की त्याचं कौतुक सोपं असतं.

जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेचे दिवे असलेला, रेडिओ मुका होतो किंवा घूं घूं करत बसतो, तेव्हा दहातल्या आठ वेळा दोष कंडेन्सरचा असतो. हे लोक आता त्याला कपॅसिटर म्हणतात. सूनही म्हणते. मी कंडेन्सरच म्हणतो. पूर्वीचे कंडेन्सर म्हणजे कागद आणि वर्खाची घट्ट गुंडाळी, ती पुठ्ठ्याच्या नळीत घालून दोन्ही तोंडांना मेण. पन्नास-साठ वर्षांत मेण तडकतं, कागद ओल धरतो, आणि जिथे वीज अडायला हवी तिथून ती झिरपायला लागते. तो कापायचा आणि नवा लावायचा, एवढंच काम. पण कुठला कापायचा आणि कुठला ठेवायचा, यावरून आमच्यात वाजायचं.

"सगळे बदलायचे," ती म्हणायची.

"सगळे कशाला? जो गेला तो बदल. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"बाबा, मीटर बघा. हा पण झिरपतोय."

"थोडा झिरपतोय. या वयात मीही झिरपतो."

ती हसायची आणि सगळे बदलायची. तिने बदललेला सेट परत येत नसे. माझा कधी कधी येई. पूर्वी गिऱ्हाईक परत आलं की मला बरं वाटायचं, ओळख वाढते. आता वाटेनासं झालं.

आणि मग तिने ते मेणाचं काम सुरू केलं. आम्ही पूर्वी नवा कंडेन्सर सरळ लावायचो, पिवळा असो की निळा, रेडिओच्या पोटात कोण बघायला येतंय? तिने काय करावं, जुनी नळी काढायची, केस वाळवायच्या यंत्राने तोंडाचं मेण मऊ करायचं, आतली कुजलेली गुंडाळी चिमट्याने ओढून काढायची, तिथे नवा छोटा कंडेन्सर सरकवायचा आणि पुन्हा मेण ओतायचं. नळीवरची छपाई तशीच, डाग तसेच. सेट उलटा केला तर वाटावं, कारखान्यातून निघाला त्या दिवसापासून याला कुणी हातच लावलेला नाही. ही गोष्ट तिला मी शिकवली नव्हती.

ती बाजारात गेली असताना मी एकदा तिचं ते यंत्र घेऊन बसलो. पहिल्या नळीची छपाई करपली. दुसरी नळी चिमट्याने फाटली. मी दोन्ही नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात खोल दाबल्या, वर भाजीची देठं टाकली. हिने विचारलं, "खोलीत मेणाचा वास कसला?" मी म्हटलं, "सुनेला विचार."

अशात चष्मेवाले आले. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस नेटका, नखं कापलेली, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, पण बघतो ते बुबुळ कसं आहे हे पाहायला. त्यांना जुन्या रेडिओंचा नाद. अकरा सेट जमवले होते. सगळे दुरुस्त करून दुकानाच्या वरच्या फळीवर ओळीने मांडायचे होते, आणि नुसते मांडायचे नाहीत, सगळे बोलायला हवेत. पहिला सेट त्यांच्या आईचा, तिच्या लग्नातला. तो घेऊन ते स्वतः आले, काखेत लेकरू धरावं तसा धरून.

मी उठून उभा राहिलो. टेबल झटकलं. त्यांनी सेट तिच्या फळीवर ठेवला.

"ताई, हा जमला तर बाकीचे दहाही तुमच्याकडेच," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "काका, तुमचं लक्ष असेलच."

लक्ष! अकरा सेट, तशी लाकडाची कामं आता बघायला मिळत नाहीत, आणि माझ्या वाट्याला लक्ष. मी म्हटलं, "हो, असेल." आणि खरंच मी लक्ष ठेवलं. तिने पेच किती काढले ते मोजलं. तिने कथील वितळवायचं आयर्न किती वेळा पुसलं ते मोजलं. ती गुणगुणत काम करायची, पूर्वी मला ते आवडायचं. आता वाटायचं, एवढं काय गाण्यासारखं आहे?

बारा दिवस ती त्या सेटवर होती. छपाईवाल्या नळ्या सगळ्या मेणाने भरल्या. दोन मोठे कंडेन्सर, विजेतली घरघर गाळणारे, तेही जुन्या डब्यांच्या आत बसवले. बाजूला सेटच्या जोडणीचा नकाशा चिकटवला होता, त्यावर पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं. मला वाचायला येऊ लागलं ते पन्नाशी ओलांडल्यावर. नातेवाइकांची पत्रं, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळं वाचतो. तो कागद मात्र मी वाचला नाही. सुनेच्या अक्षरातून आपण आपला धंदा शिकायचा, एवढी वेळ माझ्यावर आली नव्हती.

शुक्रवारी तिने सेट चालू करून पाहिला. आधी मध्ये बल्ब जोडून, म्हणजे काही चुकलं असलं तरी सेट जळत नाही, मग थेट. तासभर वाजला. आवाज असा स्वच्छ की हीसुद्धा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. सूनबाई म्हणाली, "उद्या सकाळी नेऊन देऊ. बाबा, तुम्ही पण चला." आणि दुपारी ती दाताच्या डॉक्टरकडे गेली.

ती गेल्यावर मी तिच्या फळीशी गेलो. सेट अजून लाकडी पेटीत घातलेला नव्हता, कुशीवर पडला होता. ज्या पत्र्याच्या खोक्यावर सगळं बसवलेलं असतं त्याला आम्ही चेसी म्हणतो. मी चेसीच्या पोटात भिंग लावून बघायला लागलो. तासभर स्वच्छ वाजलेल्या सेटमध्ये मी दोष शोधत होतो, आणि देवाशपथ सांगतो, मला तो हवा होता.

सापडला. म्हणजे मला वाटलं सापडला. दोन्ही मोठ्या कंडेन्सरची मायनस टोकं चेसीला जोडलेलीच नव्हती. ती एका सुट्या पट्टीवर एकत्र येत होती, आणि पट्टीपासून चेसीपर्यंत मध्येच एक रेझिस्टर. माझ्या हाताखालून हजारो सेट गेले. मायनस सरळ चेसीला, हे माझ्या बोटांना झोपेतही माहीत आहे. माझ्या अंगातून एक लहर गेली, चांगली लहर. चुकली! बारा दिवस, एवढं मेण, एवढं कौतुक, आणि मुळातच चुकली!

आता खरं सांगायचं तर अशी जोडणी मी पूर्वी पाहिली होती. काही जुन्या सेटमध्ये मुद्दाम तसं करतात. आवाज काढणाऱ्या व्हॉल्व्हला लगाम लागतो, तो त्या रेझिस्टरमधून मिळतो. तार टाकून तो रेझिस्टर चुकवला की लगाम सुटला, आणि व्हॉल्व्ह जळतो. आमच्या वस्तादांनी असा एक सेट मला दाखवून हे सांगितलं होतं. मी ते विसरलो नव्हतो. त्या दुपारी मला ते आठवायचं नव्हतं.

ती आली की सांगता आलं असतं. पण सांगितलं तर ती स्वतः नीट करणार, आणि उद्या चष्मेवाल्यांसमोर पुन्हा सगळं तिचंच. मी वेगळं ठरवलं. उद्या सेट वाजेल, सगळे वाहवा करतील, तेव्हा आपण हळूच म्हणायचं, "एक तार राहिली होती, ती मी कालच लावून टाकली. होतं असं, नवीन आहे अजून." एवढंच. मोठ्या माणसासारखं.

बोटभर तार घेतली. पट्टीला एक टोक, चेसीला दुसरं. पीळ दिला, कथलाचा डाग दिला, फुंकर मारली. दोन मिनिटांचं काम. सेट चालू करून बघितला नाही. एक तर ती केव्हाही येईल, आणि दुसरं म्हणजे मी माझ्या कामाची परीक्षा घेत नाही. परत माझ्या स्टुलावर येऊन बसलो. तिने येऊन, गाल धरून, तशीच चेसी पेटीत घालून पेच आवळले.

सकाळी चष्मेवाल्यांच्या दुकानात त्यांची आई खुर्ची टाकून बसली होती. ऐंशीच्या पुढची बाई, कानाने जरा जड. सेट काउंटरवर ठेवला, प्लग लावला. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं.  मग आवाज आला, जरा घोगरा, पण आला. बातम्या चालल्या होत्या.

"हाच!" म्हातारी ओरडली. "हाच आवाज! मोठा कर रे."

चष्मेवाल्यांनी डोळे पुसले. चष्मा विकणारा माणूस चष्मा काढून डोळे पुसतोय, मला हसू आलं. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही काय केलंत तुम्हाला माहीत नाही."

सूनबाई सेटजवळ सरकली. ती मान वाकडी करून ऐकत होती. "आवाज काल असा नव्हता," ती पुटपुटली.

आता, मी मनात म्हटलं. घसा साफ केला. "त्याचं काय आहे," मी सुरुवात केली, "एक तार…"

आणि वास आला. आधी गरम धुळीचा, मग जळक्या वार्निशचा. सूनबाईने सेटच्या मागच्या जाळीतून पाहिलं. मीही पाहिलं. शेवटच्या व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालबुंद झाला होता, चुलीतल्या निखाऱ्यासारखा. तिने प्लग खेचला. आवाज मेला. धुराची एक बारीक रेघ वर गेली आणि पंख्याने मोडली.

"बंद का केला?" म्हातारी म्हणाली. "अजून मोठा कर म्हटलं तर बंद केला!"

सूनबाईने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. पेच सोडवले, चेसी बाहेर ओढली, उलटी केली. मी काउंटरच्या काचेखालच्या चष्म्यांच्या दांड्या बघत होतो. तिला तार दिसायला किती वेळ लागला असेल? श्वासभर. मी डावरा आहे. माझा पीळ उलटा पडतो. सहा वर्षं ती माझे पीळ सोडवत आलीय. तिने वर पाहिलं, माझ्याकडे, एकदाच. मग पक्कडीने तार पिळासकट तोडली आणि चष्म्याचे बारीक स्क्रू ठेवतात त्या बशीत टाकली.

"माझी चूक," ती म्हणाली. "एक तार जास्त लागली माझ्याकडून. व्हॉल्व्ह गेला. मी आणून देते."

"तो मिळतो का आता?" चष्मेवाल्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"शोधते."

चष्मेवाल्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग मला बाजूला घेऊन हळूच, पण तिला ऐकू जाईल एवढ्या हळू, म्हणाले, "काका, ताई चांगल्या आहेत, प्रश्न नाही. पण हे सेट पुन्हा मिळणार नाहीत. बाकीचे तुम्हीच करा. अनुभव तो अनुभव."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "बघू."

सोमवारी दहा सेट आले. माझ्या टेबलावर, माझ्या उजेडात. मी पहिला उघडला. आत सगळं काम जिथल्या तिथे, हात लावायची वाट बघत. आणि मला काही सुचेना. शेजारी ती कुणाचातरी टॉर्च दुरुस्त करत बसली होती. गुणगुणत नव्हती.

"तेव्हा खरं का सांगितलं नाहीस?" शेवटी मीच विचारलं.

तिने वर बघितलं नाही. "तुमचं नाव घेतलं असतं तर लोक काय म्हणाले असते? म्हातारा संपला. माझं काय, अजून शिकतेय म्हणतील."

म्हणजे दया. मला तिची दया आली असती तर मी समजू शकलो असतो. तिला माझी आली होती. रेडिओ तिने नेले, गिऱ्हाइकं नेली, आणि माझ्या हातून घडलेली एक चूक होती, अस्सल माझी, तीही तिने उचलून स्वतःच्या नावावर केली. आणि त्यातही तीच मोठी ठरली. मी मात्र टेबलावर दहा सेट मांडून चोरासारखा बसलो.

रात्री जेवताना हिने माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "मिळाले ना सगळे? आता जेवा पोटभर."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. शुक्रवारी दुपारी मी इथे बसून भाजी निवडत होते. दार उघडं होतं. मी म्हातारी झालेय, आंधळी नाही." मग भांडी उचलता उचलता म्हणाली, "पोरीच्या दाताला सूज होती हो त्या दिवशी."

दाताचा इथे काय संबंध, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.

सकाळी मी चष्मेवाल्यांकडे गेलो. दुकान नुकतंच उघडलं होतं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "ती तार मी लावली होती. तिचा सेट बरोबर होता. ती नसताना मी त्यात हात घातला."

चष्मेवाले काउंटरच्या बाहेर आले. मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "काका," ते म्हणाले, "सुनेसाठी एवढं करणारा सासरा मी पाहिला नाही."

"अहो, तसं नाही…"

"मला कळतं. तिला वाईट वाटलं असेल. तुम्ही स्वतःवर घेताय. मोठं मन आहे तुमचं."

"मन काही मोठं नाही!" मी जवळजवळ ओरडलो. "लहान आहे म्हणून तर हे झालं!"

"बरं, बरं. बसा. मानलं, तुम्ही लावली. तर मग तुम्हाला नीट दिसलं नसेल. नंबर बघू का? फुकट बघतो."

"दिसलं होतं," मी म्हटलं. "चांगलं दिसलं होतं. तेच तर सांगतोय."

त्यांचा विश्वास बसत नव्हता. लबाडी करून पचते, हे मी पाहिलं होतं. खरं बोलून पचत नाही, हे त्या दिवशी पाहिलं. मग मला बशी दिसली. स्क्रूंमध्ये ती तार तशीच पडली होती. मी ती उचलली.

"भिंग काढा," मी म्हटलं. "हा पीळ बघा. कुठल्या बाजूला फिरलाय?"

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. "डावीकडे."

"आता मला एक तार द्या." मी त्यांच्या ड्रॉवरमधली तार घेतली, त्यांच्यासमोर डाव्या हाताने पीळ दिला आणि बशीत टाकली. "आता आईंच्या सेटमध्ये ताईने केलेला कुठलाही जोड बघा. उजवीकडे. तिचे सगळे उजवीकडे."

ते आत गेले, चेसी घेऊन आले, खिडकीशी नेऊन बघत राहिले. डोळ्यांच्या कामातला माणूस, एकदा बघायला लागला की मग दुसऱ्याचं ऐकत नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी भिंग खाली ठेवलं. माझा हात पुन्हा धरला नाही.

"का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं, हे मला विचारणार नाहीत. "तिचं चांगलं झालंय म्हणून," मी म्हटलं.

"मग ते दहा सेट?"

"तिला द्या."

दोनच शब्द, पण ते तोंडातून बाहेर काढायला मला एवढा वेळ लागला की चष्मेवाल्यांनी मला पाणी दिलं.

घरी आलो. सूनबाईला सांगितलं. मला वाटलं ती रडेल, किंवा पाया पडेल, किंवा निदान म्हणेल, कशाला बाबा. ती उठून उभी राहिली. सहा वर्षांत मी तिला रागावलेली पाहिली नव्हती.

"मला न विचारता माझ्या सेटला हात लावलात," ती म्हणाली. "आणि आता मला न विचारता माझा शब्द खोटा पाडून आलात. चष्मेवाले आता मला काय समजतील? सासऱ्याला झाकणारी? मी काय करायचं ते मला ठरवू द्याल का कधी?"

"चुकलं," मी म्हटलं.

"कुठलं? पहिलं की दुसरं?"

मी विचार केला. "पहिलं. दुसरं नाही. ते माझं होतं, ते मी घेऊन आलो."

तिने एप्रनला हात पुसले. मग खुदकन हसली की काय असं वाटलं, पण हसली नव्हती. दहाच्या दहा सेट तिने माझ्या टेबलावरून उचलून स्वतःच्या फळीखाली नेऊन ठेवले. एकेक करून. मी उचलू लागायला पुढे झालो तर म्हणाली, "राहू द्या." मग खिडकीकडे बोट केलं. "आणि टेबलं बदलायची. सूक्ष्म काम माझ्याकडे आहे. उजेड मला लागतो."

टेबलं बदलली. शिलाई मशीनच्या सांगाड्यावर माझे गुडघे आपटतात. मला राग येत नाही असं नाही. रोज सकाळी ती खिडकीशी बसते आणि ऊन तिच्या हातांवर पडतं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पेच मोजत बसतो. गिऱ्हाईक येतं, "ताई आहेत का" म्हणतं. मी म्हणतो, "आहेत, त्या काय खिडकीशी." आवाज माझा मलाच खोटा वाटतो, पण गिऱ्हाइकाला वाटत नाही.

व्हॉल्व्ह मिळायला सात आठवडे लागले. पार्सल आलं त्या दिवशी तिने आईंचा सेट पुन्हा उघडला. नव्या व्हॉल्व्हबरोबर जुना रेझिस्टरही बदलायचा होता, तोच, पट्टी आणि चेसीच्या मधला. ती मेण तापवत होती. दोन्ही हात गुंतलेले. मी माझ्या स्टुलावरून उठलो, तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. आयर्न तापलेलं होतं.

"तो रेझिस्टर मी लावू का?" मी विचारलं.

तिने मेणाचं भांडं खाली ठेवलं. हात पुसले. नकाशा माझ्याकडे सरकवला आणि त्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"आधी हे वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने."

मी वाचलं, "मायनस थेट चेसीला नाही, रेझिस्टरमधूनच." अडखळत वाचलं, तिचं अक्षर बारीक आहे. तिने ऐकून घेतलं, मीटर उचललं आणि म्हणाली, "आता थांबा. आधी मी मोजते."

मी हातात तापलेलं आयर्न घेऊन थांबलो.